शेजारच्या रँचचा लिलाव झाला. आमच्यासारख्यांमुळे का?

गवतीचहा

परवा शेजाऱ्यांच्या रँचवर (गुरं पाळायच्या मोठ्या जमिनीवर) लिलाव होता. जमिनीचा नाही, ती आधीच गेली. हा अवजारांचा. गवताच्या गासड्या बांधायचं यंत्र, दोन ट्रॅक्टर, खोगिरं, पाण्याच्या टाक्या, आणि एका पत्र्याच्या टेबलावर मांडलेल्या, गुरांवर मालकाची खूण उमटवायच्या जुन्या लोखंडी डागण्या. म्हातारा कुंपणाला टेकून उभा होता, हात खिशात. आपल्या नाहीतच अशा नजरेनं वस्तू बघत होता. डागण्यांवर बोली लागायच्या आधी म्हाताऱ्याची मुलगी पुढे आली, एक डागणी उचलली आणि गाडीत ठेवून आली. लिलाववाला क्षणभर थांबला, मग पुढच्या वस्तूकडे वळला. कोणी काही बोललं नाही.

थोडी पार्श्वभूमी. आम्ही 2020 च्या शेवटी कॅलिफोर्नियातून मॉन्टानात आलो. बोझमनपासून अर्ध्या तासावर वीस एकराचा तुकडा घेतला. दोघांचंही काम घरून. आमचं घर आहे ते पूर्वी ह्याच शेजाऱ्यांच्या वडिलांचं गवताचं कुरण. त्यांची उरलेली जमीन घेतली ती कुठल्याशा कंपनीच्या नावावर आहे. मालक कोण, कोणालाच माहीत नाही. गेटला कुलूप मात्र नवीन आहे.

प्रश्न साधा आहे. आम्ही आलो नसतो तर हे टिकलं असतं का? बायको म्हणते, तू स्वतःला फार महत्त्व देतोयस.

बंब्या

वहिनींशी सहमत. अपराधगंडाचा धागा क्रमांक 417. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोरडवाहू

आधी हिशेब, मग भावना.

रँचवाल्याला महिन्याचा पगार नसतो. वसंतात गायी वितात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वासरं विकली जातात आणि वर्षाचा एकच चेक येतो. त्यातून बँक, डिझेल, औषधं, हिवाळ्याचं गवत. उरलं तर घरखर्च. पुढच्या हंगामाला परत बँकेच्या दारात.

आता धरून चला की कोरड्या भागात एका गायीला वर्षाला तीस एकर लागतात. एकरी फक्त हजार डॉलर धरा. म्हणजे एका गायीखाली तीस हजारांची जमीन. सात टक्क्यांनी व्याज झालं एकवीसशे. गाय देणार वर्षाला एक वासरू. सध्या वासरांचे भाव विक्रमी आहेत, तरी ते सगळं वासरू जवळजवळ व्याजातच गेलं. गायीचं खाणं, वळू, नुकसान हे अजून धरलेलंच नाही. आणि तुमच्या गॅलाटिन खोऱ्यात हजार डॉलरला एकर कुठे मिळत असेल तर मला आत्ता फोन करा.

सांगायचं काय, गायीच्या जिवावर जमीन विकत घेणं कधीच संपलंय. आजोबांकडून मिळाली असेल तरच गायी पाळता येतात. एकदा का ती बाजारात आली की गायवाल्याकडे परत जात नाही. घेणारा गवत बघून घेत नाही, डोंगर बघून घेतो.

नकाशेवाला

गवतीचहा, तुमचा तुकडा बरोबर वीस एकरच का आहे, हे कधी स्वतःला विचारलंत का?

मॉन्टानात 1973 साली जमिनीचे प्लॉट पाडण्यावर कायदा आला. त्यात वीस एकर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांना तपासणीतून सूट होती. मग काय, लोकांनी वीस-वीस एकराच्या पट्ट्या पाडायला घेतल्या. गवत कापायला फार मोठ्या, गायी पाळायला फार लहान. ती मर्यादा 160 एकरांवर न्यायला 1993 उजाडलं. वीस वर्षांत जे कापायचं ते कापून झालं होतं. मी नकाशेच करतो, वरून बघितलं की कंगव्याचे दात दिसतात.

त्यामुळे तुमचं कुरण बहुतेक तुम्ही शाळेत असताना तुटलं. बोझमनची लोकसंख्या 2010 ला 37 हजार होती, 2020 च्या जनगणनेत 53 हजार. तुम्ही डिसेंबरात आलात म्हणजे त्यातही मोजले गेला नाहीत.

बंब्या

एवढी वर्षं झाली आणि साधं मोजलंसुद्धा नाही. अपराधगंड रद्द, आता न्यूनगंड घ्या.

ढवळी

धागा आवडला, म्हणून चार वर्षांनी लॉगिन केलं. मी गुरांची डॉक्टर. परळच्या कॉलेजात शिकले, इथे पूर्व मॉन्टानात माइल्स सिटीच्या बाजूला सतरा वर्षं झाली. तुमचं बोझमन म्हणजे आम्हाला पुण्याच्या कोरेगाव पार्कसारखं. आमच्याकडे डोंगर नाहीत, त्यामुळे अजून गायी आहेत.

हिशेब बरोबर आहे, पण लोक जमीन विकतात ती हिशेबामुळे नव्हे. हिशेब तर तीन पिढ्या जुळलेला नाही. विकतात ती गुडघे गेले म्हणून. अमेरिकेत शेती करणाऱ्यांचं सरासरी वय 2022 च्या कृषिगणनेत 58.1 आलं होतं. माझ्याकडे येणारे बरेचसे त्याच्याही पुढचे.

फेब्रुवारी-मार्चमधली एक रात्र सांगते. उणे पंचवीस. मी पोचले तेव्हा वासरू अर्धं बाहेर, सत्तरीतला माणूस गुडघ्यावर बसून साखळी ओढतोय. वासरू निघालं, जिवंत होतं. ते उचलून पिकअपमध्ये पुढच्या सीटच्या पायाशी हीटरसमोर ठेवलं. तोवर कानांची टोकं कडक झाली होती. अशा वासरांचे कान नंतर गळून पडतात, विक्रीच्या दिवशी बिनकानाची वासरं ओळखू येतात. मालकीणबाई तिथे नव्हत्या, सकाळी सातला त्यांची शाळेत ड्यूटी. घरातलं एक माणूस बाहेर नोकरी करतंच, कारण आरोग्यविमा तिथून मिळतो. इकडे बायका हसून सांगतात की रँच चालू राहावा म्हणून आम्ही नोकरी करतो.

आणि गवतीचहा, शेजाऱ्यांना पहिल्या भेटीत "किती गायी आहेत?" असं विचारलंत ना? खरं सांगा.

गवतीचहा

विचारलं. ते म्हणाले, "थोड्या आहेत." आणि हवामानावर बोलायला लागले. का?

ढवळी

बँकेत किती आहेत, असं विचारलंत तुम्ही.

खांडवाला

नमस्कार. मी माण तालुक्यातला, घरात मेंढरं. ह्या धाग्यावर काय बोलावं कळत नव्हतं, पण वरचं वाचून हसू आलं. आमच्या आज्याला कोणी मेंढरं किती विचारली तर "हायती पाच-पन्नास" एवढंच. दोनशे असली तरी पाच-पन्नासच. नजर लागती.

एक विचारायचं होतं. तिकडं मेंढरं नसत्यात का? सगळी गाय-गाय करताय म्हणून. आणि दुसरं, तिथल्या पोरांची लग्नं जमतात का? आमच्याकडं पोरगं मेंढरामागं आहे म्हटलं की मुलीकडचे पाणी पिऊन उठतात.

कोरडवाहू

मेंढरं होती, प्रचंड होती. 1942 च्या सुमारास देशात साडेपाच कोटींहून जास्त, आज पन्नास लाखांच्या आसपास. लोकरीची जागा कृत्रिम धाग्यानं घेतली, युद्धानंतर लोकांनी मटण सोडलं, आणि 1954 पासून चालू असलेलं लोकरीचं सरकारी अनुदान 1990 च्या दशकात बंद झालं.

खांडवाला, तुमच्यासाठी गंमत: मेंढरांमागे चालणारा माणूस अमेरिकन क्वचितच होता. आधी स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क लोक यायचे, आता बहुतेक पेरूमधून हंगामी व्हिसावर येतात. डोंगरात महिनोन् महिने एकटे, चाकांवरच्या छोट्या खोलीत राहतात. त्यांच्या मजुरीसाठी नियमही वेगळे आहेत. काउबॉयचे पुतळे गावोगाव, मेंढक्याचा एखादाच.

खांडवाला

म्हणजे तिथंबी मेंढकं बाहेरचंच. आणि लग्नाचं कोणी सांगितलंच नाही.

ढवळी

जमतात हो. पण आधी मुलगी विचारते, "सासू-सासरे त्याच घरात आहेत का आणि जमीन कुणाच्या नावावर?" तिथे गाडी अडते.

दोन_पैसे

सगळे गळा काढताय म्हणून दुसरी बाजू. हे स्वावलंबी वगैरे म्हणवणारे लोक सरकारी जमिनीवर गुरं चारतात. 1934 च्या टेलर ग्रेझिंग ॲक्टनंतर परवाने आले. गाय-वासराच्या एका महिन्याच्या चाऱ्याला केंद्र सरकार किती घेत होतं? 2019 ते 2025, दर वर्षी 1.35 डॉलर. खाली जाताच येत नाही म्हणून 1.35, ती किमान मर्यादा 1986 साली राष्ट्राध्यक्ष रेगननी घालून दिली. खासगी कुरणाला वीसच्या वर मोजावे लागतात. एक डॉलर पस्तीस सेंटमध्ये मी मांजर महिनाभर पोसू शकत नाही. आणि वर गाडीवर स्टिकर, "सरकारने आमच्यात लुडबुड करू नये."

बंब्या

मांजर एका दिवसात 1.35 च्या वर जाते, आमचं तर तासात.

ढवळी

दोन_पैसे, आकडा खरा आहे, पण अर्धा आहे. खासगी कुरणात कुंपण आणि पाणी बहुधा मालक देतो. सरकारी कुरणात कुंपणाची डागडुजी, टाकीत पाणी नेणं, अस्वल-लांडग्यांचं नुकसान, हंगामाच्या तारखा, शिकाऱ्यांनी उघडं टाकलेलं गेट, सगळं गायवाल्याच्या अंगावर. दुसरं म्हणजे रँच विकत घेताना त्या परवान्याची किंमत जमिनीच्या भावातच धरलेली असते. म्हणजे स्वस्ताई भोगली ती पहिल्या मालकानं, आत्ताचा तिचं व्याज भरतोय.

स्टिकरबद्दल मात्र गप्प बसते. माझ्याच गिऱ्हाइकांचे आहेत.

दोन_पैसे

अर्धा मुद्दा मान्य. मांजराचा मुद्दा मागे घेत नाही.

चष्मेवाला

मूळ कारण कोणी बोललंच नाही. वारसा कर! बाप मेला की सरकार जमिनीवर कर लावतं, पोरांना विकावीच लागते. माझ्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं.

कोरडवाहू

ऑफिसातल्याला सांगा, 2026 पासून माणशी दीड कोटी डॉलरपर्यंत केंद्राचा वारसा कर लागत नाही, नवरा-बायको मिळून तीन कोटी. मॉन्टाना राज्याचा वेगळा वारसा करच नाही. बहुसंख्य रँच त्या रेषेच्या खाली असतात.

खरा घाव आपल्याला कोणी शिकवायला नको: वाटणी. चार भावंडं, एक गायी सांभाळतोय, बाकीचे तिघे सिएटल-डेन्व्हरला. जमीन तीन पिढ्यांत फुकट मिळाल्यासारखी, पण आजचा भाव कोटीत. तिघांचा वाटा द्यायला चौथ्याकडे पैसे कुठून येणार? गायीच्या जिवावर कर्ज फिटत नाही हे वर सांगितलंच. मग विका आणि वाटून घ्या. जमिनीवर श्रीमंत, खिशात कफल्लक.

त्यावर एक उपाय निघालाय. जमिनीवर घरं बांधायचा हक्क कायमचा सोडून द्यायचा, त्या बदल्यात संस्थेकडून पैसे किंवा करात सवलत घ्यायची. त्या पैशात बहिणीचा वाटा देऊन गायी चालू ठेवलेली घरं आहेत. पण "कायमचा" ह्या शब्दावर म्हातारे अडतात. नातवाचे हात मी का बांधू म्हणतात.

मुक्काम_ग्रीली

तुम्ही सगळे जमिनीवर बोलताय. मी कोलोरॅडोत मांसप्रक्रियेच्या धंद्यात आहे, इकडची बाजू ऐका.

ते वासरू विकल्यावर कुठे जातं? नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सासच्या मोठ्या दावणींवर, जिथे मका खाऊन वजन वाढवतात. तिथून कत्तलखान्यात. 1980 ला चार मोठ्या कंपन्यांकडे धष्टपुष्ट गुरांपैकी 36 टक्के जात होती, आता 85 च्या आसपास. टायसन, जेबीएस, कारगिल, नॅशनल बीफ. गंमत म्हणजे 1921 सालचा पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स ॲक्ट ह्याच दुखण्यावर आणला होता. रँचवाले हजारो, घेणारे चार. भाव कोण ठरवणार, सांगायला नको. 2015 च्या शेवटी गोमांसावर मूळ देश लिहिण्याची सक्तीही अमेरिकेच्या संसदेने काढून टाकली, कारण जागतिक व्यापार संघटनेत कॅनडा आणि मेक्सिको जिंकले.

आत्ता भाव चढलेत कारण गुरंच नाहीत. 2025 च्या जानेवारीत देशात 8 कोटी 67 लाख, 1951 नंतर तोवर सगळ्यात कमी. दुष्काळात लोकांनी गाभण गायीसुद्धा विकल्या. आता भाव आहे तर विकायला वासरं कमी. कांद्याचं आठवलं की नाही?

आणि कारखान्याच्या गावात जाऊन बघा. कामाच्या पाळीवर सोमाली, बर्मी, ग्वाटेमालातले, हैतीचे. रँचच्या गावात शाळेला मुलं मिळत नाहीत, इथे शाळेत दुभाषी मिळत नाहीत.

लॅरामीकर

शिडीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा धागा अपूर्ण.

रेल्वे बांधताना सरकारने कंपनीला रुळाच्या दोन्ही बाजूंची जमीन एक आड एक चौरस मैल अशी दिली. अजूनही वायोमिंगचा दक्षिण भाग बुद्धिबळाचा पट आहे, काळं घर खासगी, पांढरं सरकारी. आता पांढऱ्यातून पांढऱ्यात जायचं तर कोपऱ्यावरून तिरकं जावं लागतं, आणि त्या कोपऱ्यावर दोन्ही काळी घरं टेकलेली. पूर्वी रँचवाला ओळखीचा असायचा, "येताना गेट लावून घे" एवढंच म्हणायचा. मालक बदलले तसे फलक लागले.

2021 मध्ये मिसूरीतून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ कोपऱ्यावर चक्क शिडी लावली. ह्या सरकारी घरातून चढले, त्या सरकारी घरात उतरले. खासगी जमिनीला पाय लागला नाही. मालकाने खटला भरला, हवेतून गेल्याबद्दल! फौजदारीत ज्यूरीने सोडलं, दिवाणी दावा वरच्या कोर्टात गेला, मार्च 2025 मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टानेही शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तिरकं चालायला फक्त उंटालाच परवानगी असते असं मला वाटायचं.

बंब्या

घोड्याने अडीच घरं गेलं असतं तर कोर्टकचेरी वाचली असती.

रानमांजर

सगळे लांडगे विसरले. 1995 ला यलोस्टोनमध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडले तेव्हापासून

संपादक

रानमांजर, लांडग्यांवर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद करावे लागलेत. इथे नको.

काळवीट

एक बोचरा प्रश्न. "तीन पिढ्यांची जमीन" म्हणताना सगळ्यांचा आवाज जड होतोय. चौथी पिढी मागे गेलं तर? 1851 च्या तहात क्रो ह्या मूळनिवासी जमातीसाठी सुमारे 3 कोटी 80 लाख एकर लिहून दिले होते. 1868 मध्ये ते 80 लाखांवर आले, पुढे अजून कापले. त्यानंतर टेक्सासहून गुरं आली, 1886-87 च्या हिवाळ्यात हजारोंनी गोठून मेली, मोठे भांडवलदार पळाले. मग काटेरी तार आणि सरकारकडून फुकट 160 किंवा 320 एकर मिळालेले शेतकरी. त्यातलेही बरेच 1920 च्या आसपासच्या दुष्काळात उठले. शेजारच्या आजोबांनी बहुधा त्यांचीच जमीन स्वस्तात घेतली असेल. ह्या मातीवर टिकलेला कोणी नाही, गवतीचहा रांगेत शेवटचे.

ढवळी

हे खरं आहे, आणि क्रोंच्या राखीव भागातही मी गायी तपासायला जाते. पण रांगेतला शेवटचा आणि आधीचा सारखे नसतात हो. आधीच्याने जमीन घेतली तरी तो तिथे राहायचा. जूनमध्ये वासरं डागायची तर दहा घरची माणसं यायची, आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. हे पैशात मोजत नाहीत. कंपनी मालक झाली की त्या जागेवर एक पगारी व्यवस्थापक येतो. माणूस चांगलाच असतो, पण मालक बदलला की तोही बदलतो. शाळेच्या समितीवर कोण, आग विझवायच्या गाडीवर कोण? आमच्या गावात ती गाडी चालवणारा 71 वर्षांचा आहे.

गवतीचहा, तुमचा मूळ प्रश्न. टिकलं नसतं. पण आता तुमच्याकडे वीस एकर आहेत त्यांचं काय करताय? पाट चालू आहे का?

गवतीचहा

पाट आहे. पहिल्या वर्षी मी तो बुजवणार होतो, डास होतात म्हणून. शेजारी स्वतः चालत आले आणि म्हणाले, ह्याच्या खाली अजून चार जणांचं पाणी आहे. इथे पाण्याचा हक्क ज्याने आधी लावला त्याचा, मी पार शेपटाला. तेव्हा बुजवला नाही, पण वापरलाही नाही. गवत नुसतं वाढतं आणि मी पगार देऊन कापून घेतो.

ढवळी

पैसे देऊन गवत कापता??

खांडवाला

😂😂 पावणं, इकडं सांगू नका कुणाला.

गवतीचहा

(सव्वादोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय, क्षमस्व.

मे महिन्यात शेजाऱ्यांच्या मुलीला विचारलं. ती लिव्हिंगस्टनला नर्स आहे. म्हटलं, माझ्याकडे गवत आहे, पाणी आहे, कोणाला लागतंय का? ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन आली. त्यांनी पूर्ण कुंपणाला एक फेरी मारली, प्रत्येक खांब हलवून बघितला, आणि मला सांगितलं की उत्तरेची बाजू गायीला अडवणार नाही, फक्त लाजवेल.

काल तिने कालवडी आणून सोडल्या. किती ते विचारलं नाही (मोजल्या, बारा). डाव्या पुठ्ठ्यावर ताजा डाग आहे. लिलावातून तिने उचलून नेलेल्या डागणीचाच.

आता तातडीचा प्रश्न: उत्तरेकडची काटेरी तार मी ताणायला गेलो, ती सुटून शर्ट फाटला. दंडावर तीन टाके. कुठली पक्कड घ्यायची?

ढवळी

फेन्सिंगची वेगळी पक्कड मिळते, मागे हातोडी असते तीच घ्या. तार ताणायचं यंत्र वेगळं. चामड्याचे हातमोजे, लांब बाहीचे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत का? मी गुरांची डॉक्टर आहे, पण विचारते.

बंब्या

शर्टाचा लिलाव कधी?